सांधेबदल शस्त्रक्रिया आणि एकदाच वापरावयाची साधने : रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहिती

गुडघा किंवा खुबा बदलण्याचा निर्णय बहुतेक घरांत एका दिवसात होत नाही. आधी जिना टाळला जातो, मग देवळापर्यंतचे चालणे सुटते, पुढे रात्री कूस बदलतानाही झोपमोड होऊ लागते. शस्त्रक्रिया करायचे ठरले की घरात चर्चा सुरू होते ती कृत्रिम सांधा कोणत्या कंपनीचा घ्यावा, खर्च किती येईल, विमा किंवा शासकीय योजना लागू होईल का, याची. शस्त्रक्रियागृहातील मेजावर त्या सांध्याशेजारी जी अवजारे मांडलेली असतात, त्यांच्याविषयी मात्र क्वचितच कोणी विचारणा करतो. वास्तविक न्हाव्याच्या दुकानात वस्तऱ्याचे पाते नवे आहे की नाही हे आपण डोळ्यांदेखत पाहून घेतो. हाड कापणाऱ्या पात्याविषयी तेवढीच चौकशी करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. ती चौकशी का करावी आणि कशी करावी, हे या पत्रकात सांगितले आहे.

मेजावर काय काय असते

सांधेबदल शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या वस्तू तीन प्रकारच्या असतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये.

पहिला प्रकार म्हणजे शरीरात कायमचा बसवला जाणारा कृत्रिम सांधा. गुडघ्याच्या बाबतीत त्यात धातूचे भाग आणि त्यांच्यामध्ये बसणारी विशिष्ट प्लास्टिकची गादी असते. तो एकाच व्यक्तीसाठी असतो, हे सांगण्याची गरज नाही.

दुसरा प्रकार म्हणजे पुन्हा पुन्हा वापरण्यासाठीच घडवलेली पोलादी अवजारे. हाडाला योग्य कोनात छेद घेण्यासाठीचे साचे, हातोडी, मापे, खुब्याची खोबण कोरण्याचा रीमर इत्यादी. ही अवजारे शेकडो रुग्णांसाठी वापरली जातात, आणि त्यात काहीही गैर नाही. ती कशी सुटी करावीत, कशी धुवावीत, कोणत्या तापमानाला निर्जंतुक करावीत, याच्या लेखी सूचना उत्पादक देतो. आपल्या देशात यांपैकी बरेच संच कृत्रिम सांधा पुरवणाऱ्या कंपनीकडून शस्त्रक्रियेपुरते मागवले जातात व एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरतात. त्यामुळे संच आला की तो आधीच्या ठिकाणी स्वच्छ झाला असेल असे गृहीत न धरता येथे पुन्हा धुऊन निर्जंतुक करणे आवश्यक असते. संच शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी घाईने पोहोचला तर या कामाला पुरेसा वेळ मिळत नाही.

तिसरा प्रकार या पत्रकाच्या विषयाचा आहे : एकदाच वापरून टाकून द्यावयाची साधने. विजेवर किंवा बॅटरीवर चालणाऱ्या करवतीचे पाते, ड्रिलचे बिट आणि साचे हाडाला अडकवून धरणाऱ्या पिना यांचे काही प्रकार, जखम जोरदार फवाऱ्याने धुणारे यंत्र व त्याची नळी, हाडाचे सिमेंट कालवण्याचे भांडे व ते भरण्याच्या पिचकारीचे तोंड, रक्त ओढून घेणारी नळी, रक्तस्राव थांबवणाऱ्या विद्युत्‌लेखणीचे टोक, तसेच निर्जंतुक कापडी किंवा कागदी आच्छादने. यंत्रमानवाच्या साह्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेत हाड कोरणारे टोक व यंत्राच्या बाहूवरचे आवरण हेही बहुधा याच प्रकारात मोडतात.

ही साधने ओळखण्याची खूण सोपी आहे. वेष्टनावर एका वर्तुळात इंग्रजी २ हा अंक छापलेला असतो आणि त्यावर तिरकी रेघ मारलेली असते. अर्थ असा की हे साधन दुसऱ्यांदा वापरू नये. ही खूण जगभर एकच आहे. इंजेक्शनच्या सिरिंजच्या वेष्टनावरही ती असते, तेथे पाहून डोळ्यांना ओळख करून घ्यावी.

‘एकदाच’ या शब्दाचा नेमका अर्थही लक्षात असू द्यावा. एका व्यक्तीवर, एका शस्त्रक्रियेदरम्यान, असा तो आहे. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले जात असतील तर त्याच रुग्णाच्या दुसऱ्या गुडघ्यासाठी तेच पाते वापरणे हा रोगप्रसाराचा प्रश्न नसतो. तेथे पात्याची धार उरली आहे का, एवढेच शल्यचिकित्सकाला ठरवावे लागते. तेच पाते धुऊन दुसऱ्या दिवशीच्या रुग्णासाठी ठेवले जाणे ही सर्वस्वी वेगळी बाब आहे.

निर्जंतुकीकरणाआधी धुणे

“आम्ही सर्व काही ऑटोक्लेव्ह करतो” हे उत्तर रुग्णांना पुष्कळदा मिळते, आणि ते प्रामाणिकपणेही दिलेले असते. ऑटोक्लेव्ह हे अतिशय विश्वसनीय यंत्र आहे. दाबाखालील १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअस तापमानाची वाफ जंतूंना शिल्लक ठेवत नाही. तथापि त्या वाफेला जंतूपर्यंत पोहोचता आले पाहिजे. करपलेले पातेले न घासता कितीही वेळ उकळत ठेवले तरी तळाचा थर सुटत नाही, हा प्रत्येक स्वयंपाकघरातील अनुभव आहे. वाळलेले रक्त, हाडाचा भुगा आणि चरबी यांचा थर असाच चिवट असतो, आणि त्याच्या आड जंतू सुरक्षित राहतात. म्हणून आधी धुणे आणि मग निर्जंतुकीकरण, हा क्रम कधीही बदलत नाही. नीट धुता न आलेली वस्तू निर्जंतुक झाली असे मानता येत नाही.

प्रस्तुत लेखिकेने परिचर्या शिक्षणाच्या काळात निर्जंतुकीकरण विभागात काम केले आहे. खुब्याचा रीमर हा अर्धगोलाकार, खिसणीसारखा असतो, आणि त्याच्या प्रत्येक छिद्रात हाडाचा लगदा बसतो. ब्रशने घासून, पाण्याच्या धारेखाली धरून झाल्यावरही भिंगातून पाहिले की एखाद्या छिद्रात पांढरट कण दिसे, आणि वरिष्ठ परिचारिका ते अवजार मुकाट्याने परत हाती देत. हे त्या अवजाराविषयी, जे पुन्हा पुन्हा धुण्यासाठीच घडवलेले असते. मग जे साधन उघडून सुटे करताच येत नाही, ज्याची नळी काडीइतकी अरुंद आहे, ज्यातील पात्यावर पाते बसवलेले आहे, ते आतून कसे धुणार? एकदाच वापरावयाचे साधन बनवताना उत्पादकाने धुण्याचा विचारच केलेला नसतो, आणि ते कसे धुवावे याच्या सूचनाही दिलेल्या नसतात.

प्लास्टिकच्या साधनांची अडचण आणखी वेगळी आहे. वाफेच्या उष्णतेने ती वितळतात किंवा ठिसूळ होतात, म्हणून त्यांना इथिलिन ऑक्साइड वायूत ठेवले जाते. हा वायू स्वतः विषारी असून प्लास्टिकमध्ये मुरतो. तो निघून जाण्यासाठी साधन कित्येक तास हवेशीर कपाटात ठेवावे लागते. काही लहान रुग्णालयांत साधने ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून काढण्याची पद्धत आहे. त्या द्रावणाने खऱ्या अर्थाने निर्जंतुक व्हायला सुमारे १० तास लागतात. दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या वीस मिनिटांत बहुतेक जंतू मरतात, पण चिवट बीजाणू उरू शकतात. उघड्या हाडाला स्पर्श करणाऱ्या साधनासाठी ‘बहुतेक’ पुरेसे नाही.

बोथट पात्याने काय होते

समजा, पाते उत्तम धुतले गेले आणि पूर्ण निर्जंतुकही झाले. तरी एक प्रश्न उरतो, आणि तो जंतूंचा नाही.

गुडघेबदल शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पाच छेद, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक, आणि गुडघ्याच्या वाटीचा पृष्ठभाग बदलावयाचा असल्यास तेथे आणखी एक, असे छेद घेतले जातात. हे छेद पोलादी साच्याच्या फटीतून घेतले जातात. पाते वेगाने मागेपुढे हलताना हाडाबरोबर त्या पोलादावरही घासते. एका शस्त्रक्रियेच्या अखेरीस पात्याचे दात झिजलेले असतात, कधी त्यांचे कण तुटलेले असतात. उघड्या डोळ्यांना ते दिसत नाही.

बोथट विळीने भाजी चिरताना हात जोर लावतो, तसाच बोथट पात्यालाही जोर लागतो, आणि त्या घर्षणातून उष्णता निर्माण होते. हाड ही जिवंत ऊती आहे. हाडाचे तापमान एक मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसपर्यंत गेले तर त्यातील पेशी मरू लागतात, असे १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये झालेल्या प्रयोगांत दिसून आले आणि आजही शल्यचिकित्सक ही मर्यादा मानतात. आंघोळीच्या कढत पाण्याहून हे तापमान फारसे अधिक नाही. म्हणूनच कापताना हाडावर थंड सलाइन सोडले जाते. जेथे सांधा सिमेंटशिवाय बसवला जातो, तेथे हाडाने स्वतः धातूच्या खडबडीत पृष्ठभागात वाढून त्याला धरून ठेवणे अपेक्षित असते. भाजलेल्या हाडाकडून ती वाढ नीट होत नाही. सिमेंट वापरले तरी छेद सपाट आलेला असला पाहिजे. झिजलेले पाते वाकते, छेद किंचित तिरका जातो, आणि किंचित तिरक्या बसलेल्या गुडघ्यावर पुढे वर्षानुवर्षे वजन पडत राहते. ड्रिलचे जुने बिट हाडातच तुटून अडकण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

संसर्ग झाल्यास

सांधेबदलानंतर खोलवर जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण चांगल्या केंद्रांमध्ये शंभरात एक ते दोन इतके कमी असते, आणि ही शस्त्रक्रिया भीतीपोटी टाळू नये. परंतु ज्यांच्या वाट्याला तो संसर्ग येतो त्यांचे हाल फार होतात. जखमेतून शिरलेले जंतू धातूवर व प्लास्टिकवर चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आत प्रतिजैविक औषधांचा परिणाम अत्यल्प होतो. शरीराच्या स्वतःच्या हाडात रक्तपुरवठा असतो, धातूत तो नसतो, त्यामुळे शरीराची संरक्षणव्यवस्थाही तेथे पोहोचत नाही.

पहिल्या काही आठवड्यांत संसर्ग लक्षात आला तर सांधा उघडून धुणे, मधली प्लास्टिकची गादी बदलणे आणि दीर्घकाळ औषधे देणे, एवढ्याने कधी कधी निभावते. उशीर झाला तर बसवलेला सांधा काढावा लागतो. त्या जागी औषधयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवतात, कित्येक आठवडे औषधे चालतात, आणि संसर्ग संपल्याची खात्री झाल्यावर पुन्हा नवा सांधा बसवला जातो. म्हणजे आणखी दोन मोठ्या शस्त्रक्रिया. मधल्या काळात रुग्णाला नीट चालता येत नाही आणि घरातील एक कमावती व्यक्ती बहुधा त्याच्याजवळ अडकून पडते. पात्यापोटी वाचलेली रक्कम या खर्चापुढे नगण्य ठरते, आणि ही बचत व हा खर्च एकाच खिशातले नसतात.

संसर्गाची इतरही कारणे असतात : अनियंत्रित मधुमेह, धूम्रपान, दातांतील किंवा लघवीतील जुना संसर्ग, शस्त्रक्रियागृहातील हवा. म्हणून संसर्ग झाला की साधनाचा पुनर्वापरच झाला असेल, असा निष्कर्ष लगेच काढू नये.

दुसरा धोका रक्तावाटे पसरणाऱ्या विषाणूंचा आहे. हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वी केली जाते, पण लागण नुकतीच झालेली असल्यास अहवाल निर्दोष येऊ शकतो. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. २००९ च्या आरंभी गुजरातमध्ये साबरकांठा जिल्ह्यातील मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीची साथ आली. चाळीसहून अधिक माणसे दगावली, आणि तपासाचा रोख सिरिंज व सुयांच्या पुनर्वापराकडे होता. सांधेबदल शस्त्रक्रियेचा त्या घटनेशी संबंध नाही. परंतु एकदाच वापरावयाची वस्तू दुसऱ्याच्या शरीरात गेली तर काय होऊ शकते, हे आपल्या देशाने तेथे पाहिले आहे.

पुनर्वापर का होतो

कारण उघड आहे. साधने महाग असतात, बरीचशी परदेशातून येतात, आणि अनेक ठिकाणी शस्त्रक्रियेसाठी ठरावीक रकमेचे पॅकेज असते. त्या रकमेत बसवण्याचा ताण रुग्णालयावर येतो. यात सर्वांत आक्षेपार्ह प्रकार तो, ज्यात साधन जुने वापरले जाते आणि बिलात नव्याची किंमत लावली जाते. पॅकेजमधून, योजनेतून किंवा धर्मादाय रुग्णालयात शस्त्रक्रिया होत असली तरी साधनाच्या सुरक्षिततेचा निकष बदलत नाही.

“परदेशातही अशी साधने पुन्हा वापरतात” असे कोणी सांगितले तर ते पूर्णतः खोटे नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००० साली असे ठरवले की, जी संस्था एकदा वापरलेले साधन पुन्हा वापरण्याजोगे करते तिला मूळ उत्पादकाला लागू असलेल्याच अटी लागू होतील. साधन स्वच्छ होते, नीट चालते आणि किती वेळा प्रक्रिया सोसते, हे तिला सिद्ध करावे लागते. युरोपात काही देशांनी कडक अटींवर परवानगी दिली आहे, काहींनी दिलेली नाही. त्या व्यवस्थेची तुलना शस्त्रक्रियागृहामागच्या मोरीत पाते घासून डब्यात टाकण्याशी करता येणार नाही.

कचरा वाढतो, हा आक्षेप मात्र विचार करण्याजोगा आहे. त्यावर सरळ उपाय असा की, जेथे शक्य असेल तेथे रुग्णालयाने पुन्हा वापरण्यासाठीच घडवलेले साधन विकत घ्यावे.

आपल्याकडे वैद्यकीय साधने नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत. साधन एकदाच वापरावयाचे असेल तर तसा उल्लेख वेष्टनावर असणे त्यांनुसार आवश्यक आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार वापरलेली धातूची धारदार साधने पांढऱ्या, न भेदल्या जाणाऱ्या डब्यात, आणि नळ्यांसारखे दूषित प्लास्टिक लाल पिशवीत जावयास हवे. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये निश्चित केल्या. त्याच आदेशानुसार सांध्याचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक व किंमत बिलात स्वतंत्रपणे दाखवणे रुग्णालयावर बंधनकारक करण्यात आले.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

हे बोलणे शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री घाईघाईने न करता तारीख ठरते त्या भेटीतच करावे. रुग्णाबरोबर घरातील एका समंजस व्यक्तीने असावे. सूर आरोपाचा नसावा. बहुसंख्य शल्यचिकित्सकांना असा प्रश्न आवडतो, कारण चांगली साधने मिळण्यासाठी तेही व्यवस्थापनाशी झगडत असतात. साध्या शब्दांत विचारावे : “डॉक्टरसाहेब, आईच्या शस्त्रक्रियेत करवतीचे पाते आणि ड्रिलचे बिट नवे असेल ना? एकदाच वापरायच्या कोणत्या वस्तू लागणार आहेत, त्यांची यादी मिळेल का? त्यांची वेष्टने किंवा त्यांवरची चिकटपट्टी आमच्या कागदांत लावून द्याल का?” तसेच अवजारांचा संच बाहेरून येणार असेल तर तो आदल्या दिवशी पोहोचतो का, हेही विचारावे.

कृत्रिम सांध्याच्या डब्यावरील चिकटपट्ट्या रुग्णपत्रिकेत लावण्याची पद्धत आहे. तशाच पट्ट्या साधनांच्या वेष्टनांवरही पुष्कळदा असतात. वेष्टन पाहताना चार गोष्टी पाहाव्यात : रेघ मारलेला २, निर्जंतुक असल्याचा उल्लेख, बॅच क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख. वापरलेले पाते मात्र दाखवण्याचा किंवा घरी देण्याचा आग्रह धरू नये. ते रक्ताने दूषित असते आणि त्याची जागा पांढऱ्या डब्यात आहे.

रुग्णालयाने एखादे साधन पुन्हा वापरणार असल्याचे सांगितले तर कोणते, कितव्या वेळी, कशा प्रकारे निर्जंतुक केलेले आणि बिलात कोणत्या दराने, हे लेखी मागावे. उत्तर न पटल्यास नवे साधन देण्याची विनंती करावी किंवा दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. माहिती मिळणे, तपशीलवार बिल मिळणे आणि दुसरे मत घेणे हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत समाविष्ट आहे. सांधेबदल ही क्वचित अपवाद वगळता तातडीची शस्त्रक्रिया नसते. आठवडाभर थांबल्याने गुडघ्याचे नुकसान होत नाही. पडून खुबा मोडला असेल तर मात्र स्थिती वेगळी असते, तेथे या चौकशीपायी उशीर करू नये.

घरी आल्यानंतर

जखमेतून आठवडा उलटल्यावरही पाणी झिरपणे, लाली व गरमपणा पसरत जाणे, थंडी वाजून ताप येणे, कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढू लागणे, यांपैकी काहीही दिसले तर ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या शल्यचिकित्सकांना त्याच दिवशी कळवावे. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविक घेऊ नये. सांध्यातील द्रवाचा नमुना तपासण्याआधी औषध सुरू झाले तर जंतू कोणता हे सापडत नाही आणि उपचार अंधारात करावे लागतात. संसर्ग कित्येक महिन्यांनी, प्रसंगी दोन वर्षांनंतरही डोके वर काढू शकतो, म्हणून जुना गुडघा अचानक दुखू लागला तरी हीच काळजी घ्यावी.

साधनामुळे अपाय झाल्याचा संशय असल्यास त्याची नोंद करता येते. वैद्यकीय साधनांमुळे होणाऱ्या अपायांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ पासून सुरू असून गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशन त्याचे समन्वयन करते. निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. डॉक्टर, परिचारिका व रुग्ण स्वतः, कोणीही कळवू शकते. बिलाविषयी तक्रार असल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि आयुष्मान भारत योजनेतील रुग्णांसाठी १४५५५ हे क्रमांक आहेत. तक्रार करताना तपशीलवार बिल, घरी सोडतानाचे कार्ड, संमतिपत्राची प्रत आणि चिकटपट्ट्या लावलेले पान जवळ असावे. हे कागद एका पिशवीत घालून, सांधा शरीरात आहे तोवर जपून ठेवावेत. पुढे दुसऱ्या गावी सांधा पुन्हा बदलण्याची वेळ आली, तर तेथील डॉक्टर सर्वप्रथम त्या पट्ट्यांवरील बॅच क्रमांक व आकार विचारतील.